मागची फळी

माझ्या मालकीचा इटालियन संगमरवराचा एक ओटा आहे. शंभर वर्षांचं वाटावं असं सागवानी टेबल आहे, पोर्तुगीज अमलातली वाटावी अशी पोपडे आलेली निळी भिंत आहे, कडप्प्याची काळी फरशी आहे आणि मळभ आलेलं करडं आभाळसुद्धा आहे. हा सगळा ऐवज वसईतल्या आमच्या वन बीएचकेत पलंगाखाली मावतो. जाडी प्रत्येकी सहा मिलिमीटर, माप दोन बाय तीन फूट. काही मालमत्ता तर एकाच फळीच्या दोन अंगांना आहे. संगमरवर पालथा घातला की कडप्पा निघतो.

धंद्यात याला बॅकड्रॉप म्हणतात. घरात याला 'त्या फळ्या' म्हणतात, आणि हा उल्लेख बहुतेक झाडू मारताना होतो.

कार्डावर मी 'फूड अँड प्रॉडक्ट फोटोग्राफर' असं छापून घेतलंय. ते वाचून नातेवाईक विचारतात, "म्हणजे लग्नात पंगतीचे फोटो काढतोस का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता "हो" म्हणतो आणि लाडू घेतो. खरं दुखणं वेगळंच आहे. माझ्या फोटोतला बटाटेवडा काय झकास दिसतो असं कुणी म्हटलं की मला कसंसंच होतं. वडा हॉटेलवाल्याने तळलेला असतो. मागचा पोपडा मी उडवलेला असतो. त्याच्याबद्दल चकार शब्द नाही! मग मीच विषय काढतो, "मागची भिंत बघितलीत का?" ते म्हणतात, "हो, जरा रंगवून घ्यायला झालीय."

भिंत कशी करायची ते सांगतो, म्हणजे माझी योग्यता लक्षात येईल. प्लायचा तुकडा घ्यायचा. वालीव-सातिवलीकडे फर्निचरवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. 'शाळेच्या प्रोजेक्टला हवाय' म्हटलं की स्वस्तात मिळतात. त्यावर भिंतीची पुट्टी चढवायची. पुट्टीत थोडा फेव्हिकॉल हवाच, नाहीतर फळी किंचित वाकली की आपली पोर्तुगीज भिंत खरोखरच ढासळते. पुट्टी ओली असताना चुरगाळलेली प्लास्टिकची पिशवी तिच्यावर दाबून उचलायची. वाळली की पॉलिश पेपर, मग रंगात काळ्या-पिवळ्या स्टेनरचे थेंब टाकून स्पंजाने थापायचे. ब्रश फिरवला की फराटे एकाच दिशेने जातात आणि भिंत भिंत न राहता गॅरेजचं शटर होते. शेवटी चमक नसलेलं वॉर्निश. यात काटकसर करायची नाही, कारण चकाकणाऱ्या फळीवर वाटीच्या शेजारी खिडकी, खिडकीत ग्रिल आणि ग्रिलवर वाळत घातलेला माझा बनियन, असं सगळं दिसतं. फ्लेक्सवर छापलेल्या स्वस्त संगमरवराची हीच अडचण आहे. निवडणुकीच्या बॅनरवर थालीपीठ ठेवल्यासारखं वाटतं.

हे सगळं दोनअडीचशे रुपयांत होतं. तयार फळी विकत घ्यायची तर हजारांचा आकडा ऐकायला लागतो. आणि एवढ्याशा तुकड्यात भागतं कसं, तर कॅमेऱ्याला दिसतो जेमतेम हातभर मुलूख. एक फळी आडवी, एक उभी, सांध्यावर एखादा दुमडलेला पंचा. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि समोरून तो परतवायला पांढरा थर्माकोल. आमचा थर्माकोल 2018 च्या बंदीआधीचा आहे, गणपतीच्या मखराच्या पाठीचा. त्याच्या मागल्या अंगाला अजून सोनेरी टिकल्यांची महिरप आहे. वारसाहक्काने मुलीला द्यायच्या वस्तूंत मी तो धरला आहे. मुलीने अजून होकार दिलेला नाही.

आता मी या धंद्याच्या घराण्याकडे वळतो. घरचे या ठिकाणी उठून जातात. तुम्हीही जाऊ शकता, पण मी बोलणार.

मराठी माणसाला मागची फळी काही आज कळलेली नाही. संगीत नाटकांच्या काळात कंपनीच्या बैलगाडीत नटांच्या आधी पडदे चढायचे. राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा, बागेचा पडदा आणि सगळ्यांत कष्टाळू तो रस्त्याचा पडदा. रस्त्याचा पडदा पुढे टाकून दोन विनोदी पात्रं बडबडत राहायची आणि त्याच्या पाठीमागे धडपडत राजवाडा मांडला जायचा. कोल्हापूरला बाबूराव मिस्त्री आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे असले पडदे रंगवण्यात वाकबगार. एवढे, की रंगवणं हेच त्यांचं नाव झालं आणि बाबूराव मिस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले. मला कोणी 'पुट्टीवाले' म्हणायला लागलं तर मी राग मानणार नाही. याच बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सिनेमात आल्यावर त्यांनी केलं काय, तर रंगवलेले पडदे बाजूला सारून भरीव, माणसं वावरतील असे सेट उभे केले. म्हणजे बाबूराव पडद्यावरून भरीव जगाकडे गेले आणि शंभर वर्षांनी मी भरीव जगातून परत फळीवर आलो. प्रगतीचं वर्तुळ कोणीतरी पुरं करायला हवंच होतं.

दादासाहेब फाळक्यांना तर मी थेट आमच्याच शाखेचे मानतो. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याच्या आधी भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीत लावलेला वाटाणा! रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुराचा वेल होईपर्यंत कॅमेरा त्याच्यावर रोखून ठेवला. भारतीय चित्रपटाचा पाया वाटाण्यावर उभा आहे. फूड फोटोग्राफी ती आणखी वेगळी काय असते? हे मी एका कार्यक्रमात बोललोही होतो. तो कार्यक्रम म्हणजे मेहुण्याच्या मुलाचं बारसं होतं.

मग आले फोटो स्टुडिओ. मागे रंगवलेला जिना, जो कुठेच जात नाही. संगमरवरी कठडा, पलीकडे तळं, तळ्यात न हलणारे हंस. समोर उंच स्टुलावर प्लास्टिकची फुलं आणि शेजारी नवीन लग्न झालेले आपले आजी-आजोबा, मधे वीतभर अंतर राखून. जत्रेत तर पुठ्ठ्याच्या विमानात बसून फोटो निघायचा. त्या विमानातल्या कोणालाही आपण उडतोय असा गैरसमज नव्हता आणि बघणाऱ्यालाही नव्हता. ती खोटी गोष्ट सगळ्यांनी मिळून मान्य केलेली होती, म्हणून ती खोटी वाटायची नाही. आज आमच्या नायगावकडे मालिकांचे सेट लागतात. प्लाय आणि पीओपीची हवेली. खांबावर टिचकी मारली की तो आतून पोकळ बोलतो. त्या हवेलीत सुना वर्षानुवर्षं रडतात आणि आख्खा देश जेवता जेवता बघतो. एवढ्या थोर परंपरेत माझ्या सहा मिलिमीटरला जागा मिळू नये?

मुद्द्यावर येतो. फळी घेऊन मी वांद्र्याच्या कॅफेत कामाला जातो तेव्हा परतीचा प्रवास मालडब्यातून करावा लागतो. विरार लोकलच्या इतर डब्यांत माणूसच आडवा शिरतो, फळी कुठून शिरणार? मालडब्यात पाट्या रिकाम्या करून परतणाऱ्या कोळिणी असतात. एकदा एकीने माझ्या शंभर वर्षांच्या सागवानावरून बोट फिरवलं.

"मासळी कापायला काय रे, दादा?"

"नाही, मावशी. फोटो काढायला."

"कशाचा?"

"खाण्याच्या वस्तूंचा. ही मागे लावायची."

"मग खायचं कुठाय?"

मी म्हटलं, ते त्या त्या गिऱ्हाइकाचं असतं. तिने फळी उलटी करून बघितली, मागे कडप्पा सापडला, आणि माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिलं की मी नायगावलाच उतरायच्या विचारात होतो.

'खायचं कुठाय' हा प्रश्न पुढेही सुटला नाही. शेजारच्या आंटी उन्हाळ्यात बाटली मसाला करतात. दोन डझनांवर जिन्नस भाजून, कांडून तो काळपट बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचा ही वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांची जुनी रीत. उजेड लागला की रंग आणि वास उतरतो म्हणून गडद काच. आंटींना ऑनलाइन विक्रीसाठी फोटो हवा होता. म्हणजे ज्या वस्तूचा जन्म उजेडापासून लपण्यात गेला तिच्यावर मी उजेड पाडायचा! बाटली ठेवली. काचेत खिडकी दिसली, थर्माकोल दिसला, दोन टिकल्या दिसल्या आणि पोट आत घेतलेला मी दिसलो. मसाला सोडून सगळं दिसलं. दोन बाजूंना काळे कागद उभे करून, काचेला बारीक तेजस्वी कड आणून मी फोटो केला. आंटी म्हणाल्या, "छान आहे. पण गिऱ्हाईक बिअर समजून मागवेल."

आगाशीच्या बाजूच्या एक मावशी सुकेळी करतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसा उन्हात मांडायची आणि संध्याकाळी आत घ्यायची. हे रोज, केळं आक्रसून मधाच्या रंगावर येईपर्यंत. मी सुकेळी माझ्या सर्वांत लाडक्या फळीवर मांडली. एका बाजूने तिरपा उजेड, पोपडे नुसते बोलत होते. मावशींनी चष्मा लावून मोबाईल जवळ नेला, लांब नेला.

"लाकूड चांगलं आलंय," त्या म्हणाल्या. "माझी केळी कुठायत?"

तपकिरीवर तपकिरी होतं हे खरं. तरी तो फोटो माझ्या आयुष्यातला उत्तम फोटो आहे असं माझं आजही म्हणणं आहे. मावशींनी मात्र आतून पांढरी बशी आणली, तिच्यात तीन सुकेळी ठेवली आणि बशी खिडकीत ठेवून म्हणाल्या, "आता काढ." ॲमेझॉनचाही नियम जवळपास मावशींचाच आहे: मुख्य फोटोला मागे शुद्ध पांढरं आणि वस्तूने चौकटीचा निदान 85 टक्के भाग व्यापलेला. उरलेल्या पंधरा टक्क्यांत माझी भिंत, माझं सागवान आणि बाबूराव पेंटरांची परंपरा. त्या पंधरा टक्क्यांतही ते पांढरंच मागतात.

लाडकी म्हटली ती फळी मी केलेली नाही. ती एका दाराची आहे. आमच्याकडची कौलारू घरं एकेक करून पडतायत. खांब, तुळया, दारं जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात आणि वजन-मापाने जातात. तिथून मी ती उचलली. वर कुठे कुठे उरलेला निळा रंग, निळ्याखाली हिरवा, बाकी सगळं नुसतं लाकूड. कडीच्या भोवती हात लागून लागून झालेला तेलकट काळा गोल. आणि आतल्या अंगाला पेन्सिलीने एकाखाली एक सिलिंडर लावल्याच्या तारखा. मधे एका महिन्यात सिलिंडर फार लवकर संपलाय. त्या महिन्यात घरात कार्य असणार.

एका कॅफेवाल्यांना 'जुनं, रस्टिक' काहीतरी हवं होतं. मी मोठ्या ऐटीत दार काढलं. ते म्हणाले, "ही अक्षरं घासून काढता येतील? जुनं हवंय, पण स्वच्छ जुनं."

तेव्हा मला जो राग आला त्यात विनोद नव्हता. जुनं घर पाडायचं, दार भंगाराच्या भावात द्यायचं, त्याच जागेवर टॉवर उभा राहिला की सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीला जुन्या लाकडाचा छाप असलेला कागद चिकटवायचा, आणि तो बघून हळहळायचं की पूर्वीची वसई राहिली नाही! जत्रेतलं विमान यापेक्षा प्रामाणिक होतं. आणि या धंद्यात मीही पोट भरतो. पुट्टीचे पोपडे करायला मला लोक पैसे देतात, खरे पोपडे खरवडायला त्याहून जास्त देतात. मी अक्षरं घासली नाहीत. दुसरी फळी दिली, घरी केलेली, स्वच्छ जुनी. कॅफेवाले खूश झाले. कॉफीचं बिल मात्र त्यांनी माझ्याकडून घेतलं.

हे वाचणाऱ्यांत घरी मसाले, लोणची, सुकेळी करून विकणारे कोणी असतील तर त्यांनी माझ्यासारख्याला पैसे देण्याआधी मावशींची युक्ती करून बघावी: खिडकी, पांढरी बशी आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. बहुतेक काम तेवढ्यात होतं. आणि ज्यांनी घर पाडायला काढलंय त्यांना एक विनंती. दार वखारीत देण्याआधी त्याच्या आतल्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. मागे काही लावायची गरज नाही.