तात्यांचे जबडे

पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा आणि वॉचमनला विचारा, ‘ते लोखंडवाले काका कुठं राहतात?’ तो मजला तर सांगेलच, पण काल त्यांनी लिफ्टमधून वर काय चढवलं तेही सांगेल. या गृहस्थांना कुठे अण्णा म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतंच ‘फोरमनसाहेब’. आपण तात्या म्हणू. तीस-पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढून तात्या निवृत्त होतात. निवृत्तीनंतर माणसं चारधामला जातात, हास्यक्लबात जातात, अगदीच कुठं जमलं नाही तर सोसायटीच्या कमिटीवर जातात. तात्या जुन्या बाजारात जातात आणि बेंच व्हाइस घेऊन येतात.

ज्यांच्या हाताला कधी कानस लागली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिटरच्या टेबलाला बोल्टनं आवळलेलं बिडाचं धूड असतं, तो बेंच व्हाइस. दोन जबडे, एक जागेवर बसलेला, एक सरकणारा. मधून जाड आट्यांचा स्क्रू, तो फिरवायला आडवा दांडा. जॉब जबड्यात धरायचा, आवळायचा, मग कानस मारा, हॅक्सॉ चालवा, छन्नी लावा. व्हाइसनं स्वतः काहीच करायचं नसतं, फक्त सोडायचं नाही. काकूंच्या मते तात्यांनी त्याच्याकडून नेमकं एवढंच उचललं.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो. तात्या सकाळी लवकर पोचतात, कारण उशिरा आलेल्याला गंज मिळतो आणि लवकर आलेल्याला माल, असा त्यांचा सिद्धान्त. आपल्याला व्हाइस हवाय हे विकणाऱ्याला कळता कामा नये, हा दुसरा सिद्धान्त. त्यामुळे संवाद साधारण असा होतो:

‘या इस्त्रीचं काय?’

‘चारशे.’

‘आणि हे पाने?’

‘घेऊन टाका दीडशेला सगळे.’

‘बरं, ते मागं काय पडलंय? वाटेतच ठेवलंय हो, कुणीतरी ठेचकाळेल.’

‘रेकॉर्ड आहे काका. शेफील्डचा माल. साडेसहा हजार.’

तात्या चडफडतात. पण या माणसाला शेफील्ड शिकवलं कुणी? गेली काही वर्षं दर रविवारी समोर उकिडवं बसून, जबड्याखालची अक्षरं बोटानं पुसत, ‘रेकॉर्ड म्हणजे सी. अँड जे. हॅम्प्टन, 1898 पासूनची कंपनी बरं का, असं ओतकाम आता होत नाही,’ असं व्याख्यान तात्यांनीच दिलं ना? भाव तात्यांनीच वाढवला आणि आता घासाघीसही तात्याच करतात. शेवटी चार हजारांना सौदा पटतो. गुपित राखायचं म्हणून चारशेची इस्त्रीही घ्यावी लागते. अशा इस्त्र्या माळ्यावर किती साठल्यात ते काकूंना विचारू नये.

पुढचा प्रश्न तो घरी नेण्याचा. सहा इंची जबड्याचा चांगला व्हाइस वीस-पंचवीस किलोंच्या आसपास भरतो. तात्यांनी पहिल्यांदा तो भाजीच्या पिशवीतून आणायचा प्रयत्न केला, तेव्हा पिशवीचे बंद तात्यांच्या हातात राहिले आणि व्हाइस पार्किंगच्या फरशीत जाऊन बसला. फरशी फुटली. तात्या आधी खाली वाकले ते व्हाइस पाहायला. बीड कडक असतं पण ठिसूळ, आदळलं की तडा जातो, ही काळजी अगदी रास्त होती. फक्त ती सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर इतक्या मोठ्यानं व्यक्त करायला नको होती. तेव्हापासून माल स्कूटरच्या पायरीवर गोणपाटात गुंडाळून येतो, वॉचमनच्या केबिनमध्ये मुक्काम करतो आणि काकू भजनाला गेल्या की वर चढतो. लिफ्टमध्ये ‘6 व्यक्ती, 408 किलो’ अशी पाटी आहे. तात्यांनी तिचा हिशेब करून ठेवलाय.

अखेर सेक्रेटरींनी नोटीस काढलीच: ‘आपल्या बाल्कनीत जड वस्तूंचा साठा असल्याचे निदर्शनास आले आहे.’ तात्यांनी उत्तर लेखी दिलं. घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 3 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 300 किलो भार धरलेला असतो. माझी बाल्कनी अमुक इतकी. माझे व्हाइस तमुक इतके. सबब अजून बरीच जागा शिल्लक आहे. शेवटचं वाक्य वाचून काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता बाल्कनीतच चला, कारण तात्या खरे तात्या तिथेच आहेत. कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा पिंप. त्यात पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. मधोमध व्हाइसचा सरकता जबडा तारेनं टांगलेला. कडेला भंगारातल्या लोखंडी पट्ट्या उभ्या. जुन्या बॅटरी चार्जरची काळी क्लिप व्हाइसला, लाल क्लिप पट्ट्यांना. स्विच दाबला की बारीक बुडबुडे सुटायला लागतात, आणि तासाभरात पाण्यावर विटकरी फेस जमतो. बुडबुड्यात हायड्रोजन असतो, म्हणून हा उद्योग उघड्यावरच करायचा आणि जवळ काडी ओढायची नाही. पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हे शास्त्र ज्या दिवशी तात्यांना कळलं त्या दिवशी काकूंचे झारे-डाव वाचले. सकाळी जबडा वर काढला की लाल गंजाचा काळा थर झालेला असतो. तो घासणीनं घासला की खालचं बीड राखाडी, कोरडं, अगदी ओतल्या दिवसासारखं उघडं पडतं. त्या वेळी तात्यांचा चेहरा पाहावा. नातवंडाच्या बारशालाही तो इतका फुलला नव्हता, हे काकूंचं निरीक्षण.

मग खोलायचं काम. जबड्यावरच्या पोलादी पट्ट्या दोन-दोन स्क्रूंनी बसवलेल्या असतात आणि हे स्क्रू काही केल्या हलत नाहीत. तात्या घाई करत नाहीत. आज डिझेल सोडायचं, उद्या ब्लो-लॅम्पनं ऊब द्यायची, परवा डोक्यावर हातोडीचे हलके ठोके. चौथ्या दिवशी स्क्रू ‘कच्’ करून सुटतो. तो आवाज ऐकवायला तात्या शेजाऱ्यांना बोलावतात. मीही गेलोय. खरं सांगायचं तर आवाज चांगला असतो.

नट उघडला की आत काळं, दगड झालेलं ग्रीस आणि त्यात वर्षानुवर्षांचा कीस. तात्या ते चाकूनं खरवडून वर्तमानपत्रावर पसरतात आणि भिंग लावून वाचतात. पिवळा कीस म्हणजे पितळ, व्हॉल्व्हचं काम असणार. करडा म्हणजे बीड. लोहचुंबकाला न चिकटणारा पांढरा कण सापडला तर ‘ॲल्युमिनियम! म्हणजे हा पुढं मोटारवाल्याकडं गेलेला दिसतो.’ एका व्हाइसच्या पाठीवर ‘जी. आय. पी. आर.’ ठोकलेलं निघालं तेव्हा तात्या दुपारी झोपलेच नाहीत. जीआयपी रेल्वेची 1951 साली मध्य रेल्वे झाली, म्हणजे हा व्हाइस त्याआधीचा, परळच्या नाही तर माटुंग्याच्या कारखान्यातला असणार, असा त्यांचा तर्क. ‘किंवा कल्याणच्या भंगारवाल्याचा,’ काकू आतून म्हणाल्या. दुसऱ्या एकावर बाणाची खूण निघाली, ब्रिटिश सरकारच्या लष्करी मालावर असायची ती. त्यानंतर आठवडाभर तात्या दुसऱ्या महायुद्धावर बोलत होते.

व्हाइसच्या अंगावरून तात्या पूर्वीच्या कामगाराची नियत ओळखतात. जबड्याच्या वरच्या कडेला हॅक्सॉचे चरे दिसले तर तो माणूस बोलघेवडा होता. काम करताना इकडेतिकडे बघायचा. दांडा वाकलेला असेल तर त्यात पाइप घालून पिळलंय. हा गुन्हा सगळ्यात मोठा. व्हाइस हाताच्या जोरानंच आवळायचा असतो, दांड्याला पाइप लावायचा नाही, हातोडी तर नाहीच नाही, हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. हाताच्या जोराच्या हिशेबानंच तो दांडा तेवढा लांब ठेवलेला असतो. बरं, ही चूक करणारा फिटर आज हयात असण्याची शक्यता फार कमी. तरीही तात्या वाकडा दांडा हातात धरून म्हणतात, ‘मूर्ख! कुणी शिकवलं रे तुला?’ नातू घरी असला तर तो उगाचच अभ्यासाला बसतो.

या छंदात दोन पंथ आहेत: रंगवाले आणि गंजवाले. रंगवाले रेड ऑक्साइड मारतात, लांबी भरून खड्डे बुजवतात, पॉलिश पेपरनं घासतात आणि वर निळा इनॅमल देऊन कंपनीची अक्षरं सोनेरी काढतात. गंजवाले म्हणतात, नुसतं साफ करा, तेल लावा, त्याच्या जखमा त्याच्याकडे राहू द्या. दोन्ही पंथांचे लोक रविवारी बाजाराजवळ चहाला जमतात आणि रेकॉर्डचा मूळ निळा नेमका कुठला, यावर चहा थंड करतात. तात्या स्वतः मध्यममार्गी: अंगाला रंग, जबड्याला तेल, आणि चरे जसेच्या तसे. माझा कल गंजवाल्यांकडे आहे, एवढंच सांगतो. मला त्या चहाला परत जायचंय. जबड्याच्या पकडीवर रंग लागला तर मात्र दोन्ही पंथ एकदिलानं त्या माणसाला वाळीत टाकतात.

रात्री जेवणं झाली की तात्या मोबाइलवर परदेशी व्हाइस बघतात. इंग्लंडमधल्या शिपलीच्या पार्किन्सनचा ‘परफेक्ट’, ज्याची कळ दाबली की दांडा न फिरवता जबडा सर्रकन सरकतो. अमेरिकेतल्या एरीचा रीड. आणि सगळ्यांच्या वर शिकागोचा विल्टन, मागून बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता, 1941 सालापासूनचा. जुन्या विल्टनच्या सरकत्या दांड्याच्या पोटाला महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ती बनवल्याची तारीख समजायची नाही, पाच वर्षांची हमी संपल्याची. त्यातून पाच वजा केली की जन्म. म्हणजे मरणतिथीवरून पत्रिका मांडायची. तात्यांनी असल्या पत्रिका फोटोंवरून पुष्कळ मांडल्यात, पण प्रत्यक्ष विल्टन काही हाताला लागलेला नाही. न्यू जर्सीचा मुलगा दिवाळीला यायचा म्हणाला तेव्हा तात्यांनी फोनवर नुसतं विचारलं, ‘बॅगेला किती किलो चालतात रे?’

‘तेवीस. का हो बाबा?’

‘नाही, सहज. तू इथं आल्यावर कपडे माझेच घातलेस तर?’

काकूंनी फोन काढून घेतला.

त्याच सुमाराला दातांच्या डॉक्टरांनी तात्यांना खालची कवळी बदलायला सांगितली. खर्च ऐकून तात्या म्हणाले, ‘बघू पावसाळ्यानंतर.’ त्याच आठवड्यात त्यांनी भोसरीच्या एका ओळखीच्या कारखान्यात जीआयपीवाल्या व्हाइसला टूलस्टीलच्या नव्या पट्ट्या करून घेतल्या; चौकड्या पाडून, हार्डनिंग करून, ग्राइंडिंगसकट. ‘अहो, आपल्या जबड्याचं काय?’ काकूंनी विचारलं. ‘बसल्यात अगदी फिट,’ तात्या म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, एवढे व्हाइस असलेल्या माणसाच्या शेजारी राहायची चैनच आहे. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तळमजल्यावरचा कॉलेजातला पोरगा सायकलच्या सीटचा पाइप घेऊन आला तेव्हा मीच त्याला वर पाठवलं आणि मागोमाग गेलो. बोटभर पाइप कापायचा होता. तात्यांनी पाइप हातात घेतला, वळवून पाहिला, भिंतीवरच्या ओळीकडे पाहिलं. रेकॉर्डवर परवाच दुसरा हात मारलेला, अजून ओला. जीआयपीच्या पट्ट्या कोऱ्या, त्यावर पहिला घाव या पाइपचा? बाणवाला तर लष्करी. कोपऱ्यातला लहान व्हाइस अर्धा पिंपात होता.

‘याला मऊ जबडे लागतात,’ तात्या म्हणाले, ‘ॲल्युमिनियमचे. नाही तर पाइपवर चौकड्या उमटतात. आणि व्हाइस टेबलाला आवळलेला पाहिजे, कोपराच्या उंचीला. हे सगळे नुसतेच ठेवलेत. चल, खाली गॅरेजवाल्याकडं जाऊ, त्याचा लावलेला आहे.’

गॅरेजवाल्याचा व्हाइस तेलानं काळा झालेला, दांडा किंचित वाकलेला. गॅरेजवाला त्याच्या जबड्यावर बाइकची चेन तोडत होता. त्यानं पाइप धरला, चार हात मारले, टोक खाली पडलं. पोरगा वीस रुपये देऊन गेला. तात्या गेले नाहीत. रुमालानं व्हाइसची बाजू पुसत ते खाली वाकले, मग चष्मा कपाळावर सरकवून आणखी वाकले.

‘या हवेच्या पंपाचं काय घेशील रे?’

‘पंप विकायचा नाही काका.’

‘बरं. आणि हे… हे जुनं झालंय, नाही का?’

‘काका, तोही विकायचा नाही. मग मी काम कशावर करू?’

‘नवाकोरा आणून देतो की तुला! जालंधरचा, चांगला सहा इंची. शिवाय एक इस्त्री देतो.’