कौशल्यबाबा

त्याचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. सोसायटीत त्याला सगळे कौशल्यबाबा म्हणतात.

मुलगी झाल्याची बर्फी घ्यायला गेलो, तर पाळण्याशी फूटपट्टी घेऊन उभा. "काका, तिला सध्या वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. जरा पुढे या." मी वाकलो. त्यानं माझं नाक मोजून अंतरावर आणलं. पोरीनं ते पाहिलं आणि भोकाड पसरलं. "दिसलं!" तो खूश.

पाळण्याच्या चारी बाजूंना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चित्रं. इतक्या लहान बाळाला ठळक फरक असलेलंच आधी उमगतं म्हणे. त्याच्या आईनं हौसेनं शिवलेलं रंगीत चिमणाळं तीन महिने कपाटात. ती एवढंच म्हणाली, "अरे, बारशाला लोक येतील. कुणी गेलंय का विचारतील."

त्याच्यासोबत तुळशीबागेत खेळणी घ्यायला जाणं हा वेगळाच अनुभव. हा खिशातून टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी काढतो आणि दुकानातली वस्तू न् वस्तू त्यातून सोडून बघतो. आरपार पडली की बाद, कारण ती पोराच्या घशातही अडकू शकते. मग आयएसआयचा शिक्का, मग बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे की नाही. दुकानदार कपाळाला हात लावतो, पण इथे मी कौशल्यबाबाच्या बाजूचा. १ जानेवारी २०२१पासून आपल्याकडे खेळण्यांना तो शिक्का सक्तीचा आहे, आणि बटणासारखी चपटी बॅटरी गिळलेलं पोर ही हसण्याची गोष्ट नव्हे.

हसू येतं ते पुढे. खुळखुळ्याला हा खुळखुळा म्हणत नाही. 'आवाजाच्या दिशेनं मान वळवणं' म्हणतो. रिंगांची उतरंड म्हणजे 'क्रमवारी'. नवव्या महिन्यात चिमटीच्या पकडीसाठी महागडी खुंट्यांची पाटी आणली. पोरीनं तिच्याकडे ढुंकूनही न बघता फरशीवरची मुंगी अंगठा आणि तर्जनीत अचूक उचलली. यानं आधी फोटो काढला, मग मुंगी. ती तोपर्यंत तोंडात गेली होती.

एकदा राहवेना म्हणून मी त्याला ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली. १९४५मध्ये बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, तेव्हा माँटेसोरीची महाग साधनं खेड्यात कुठून येणार? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच काम भागवलं. तो भारावला. दुसऱ्या दिवशी दार ठोठावून विचारतो, "काका, शिंपल्यांचा तयार संच कुठे मिळेल?" मिळालाही. घरपोच आला, आणि निम्मे शिंपले नळीतून खाली पडले.

त्याच्या आईनं माळ्यावरून पांगुळगाडा काढला तेव्हा मी भांडणाच्या तयारीनं खुर्ची ओढून बसलो. याच गाड्यामागे तो स्वतः चालायला शिकलेला. त्यानं गाड्याची तीनही चाकं फिरवून बघितली, कडांवरून बोट फिरवलं आणि चक्क पसंती दिली. मूल आत बसवून ढकलायचे ते प्लॅस्टिकचे वॉकर वाईट. कॅनडात तर २००४पासून बंदीच. पांगुळगाड्यामागे मूल आपल्या पायावर उभं राहतं, तोल स्वतः सांभाळतं. आई पदरानं दांडा पुसत म्हणाली, "बघा, कॅनडाला कळलं एकदाचं."

हल्ली रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो की एकच खेळ चालू असतो. पोरगी उंच खुर्चीत. हातात स्टीलचा चमचा. टाकते. कौशल्यबाबा वाकतो, चमचा धुतो, देतो. ती पुन्हा टाकते. "कार्यकारणभाव, काका! मी असं केलं की काय होतं, ते ती तपासतेय." बाराव्या खेपेला त्याला धाप लागलेली. कौशल्याची नोंद करायची वही टेबलावर उघडी, पेन तिसऱ्या खेपेलाच घरंगळून कपाटाखाली गेलेलं.

काल कमरेत चमक भरली. एका हातानं टेबल धरून तो अर्धवट वाकलेलाच राहिला. दुसऱ्या हातानं चमचा तेवढा वर पोचवला. पोरीनं तो घेतला, खुर्चीबाहेर हात लांब केला, आणि टाकला नाही. बापाकडे बघत थांबली. तो कण्हत कण्हत सरळ होईपर्यंत थांबली.

मग टाकला.