ओमा दारू पीत नाही

नाताळाआधीच्या ॲडव्हेंटची पहिली मेणबत्ती पेटली, की जर्मन ओमा अंडी मोजायला बसते. ओमा म्हणजे आजी. एरवी ती विणकाम करते, गुडघ्यांची तक्रार करते. डिसेंबरात मात्र ती कारखानदार होते. वर्षभर धुऊन, लेबलं खरवडून ठेवलेल्या बाटल्या तळघरातून वर येतात आणि आयरलिक्योर, म्हणजे अंड्याचं दाट पिवळं मद्य, करायला घेतलं जातं.

त्याला मद्य म्हटलेलं ओमाला खपत नाही. आठ बलक, अडीचशे ग्रॅम पिठीसाखर, व्हॅनिला, पाव लिटर क्रीम, हे सगळं ती खणखणीत आवाजात सांगते. पाव लिटर रमपाशी आवाज जरा उतरतो. "ती फक्त टिकण्यासाठी हं." लोणच्यावर तेल असतं ना, तसं. रमही साधी चालत नाही, ५४ टक्क्यांची लागते. जितकी कडक, तितकं टिकाऊ!

बलक, साखर आणि क्रीम फेटून भांडं वाफाळत्या पाण्यावर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. सत्तर अंशांच्या फार पुढे गेलं, की सगळ्याची भुर्जी होते. म्हणून ओमाची नजर थर्मामीटरवर आणि ओपाची, म्हणजे आजोबाची, ओमावर. ढवळण्याचं काम ओपाकडे असतं, कारण त्यात दोन्ही हात अडकतात. शेवटी रम बारीक धारेनं सोडायची वेळ आली, की त्याला लाकडं आणायला पिटाळतात.

दुकानात ही गोष्ट तयार मिळते. बॉनच्या फरपोर्टन कंपनीचं आयरलिक्योर तर घरोघरी माहीत. कंपनी १८७६ सालची, हे सांगितलं की ओमा उदारपणे म्हणते, "हो का? मग शिकतील हळूहळू."

जेवताना कोणी वाइन पुढे केली, तर ओमा पेल्यावर तळहात ठेवते. बारा टक्के! डोकं दुखतं तिचं. त्यानंतर ती आपली बाटली हलवून आणते. युरोपीय कायद्यानुसार आयरलिक्योरमध्ये किमान चौदा टक्के मद्यार्क लागतो. पण कायदा दर लिटरला किमान १४० ग्रॅम बलकही मागतो, आणि ओमाला त्यातलं बलकाचं कलम तेवढं पाठ. आयरलिक्योर चॉकलेट लावलेल्या वेफरच्या इवल्या वाट्यांत ओतलं जातं. वाटी खाऊन टाकायची. मग किती प्यायलं याचा पुरावा राहतो कुठे? काचेचा पेला घेतलाच, तर तळ चमच्यानं, आणि पाहुणे गेल्यावर जिभेनं, साफ होतो. जे चाटून खातात, ती दारू कशी असेल?

किती बाटल्या झाल्या असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "दोनच. पाहुण्यांपुरत्या." ओपा काही बोलत नाही. तो बिचारा सकाळपासून नारळाच्या मॅकरूनचे डबे शेजारीपाजारी पोचवत असतो. हे मॅकरून अंड्यांच्या उरलेल्या पांढऱ्या भागाचे करतात. यंदा सगळी गल्ली संपली, चर्चमध्ये दोन डबे गेले, पोस्टमनलाही एक मिळाला, आणि ओव्हनमध्ये अजून एक ताट भाजतंय.