नाक्यावरचे आप्पा

कनेरगाव नाक्यावर एसटीतून उतरलेला नवखा माणूस चूळ भरायच्या आत आप्पांच्या तावडीत सापडतो. "कोन्तं गाव? आडनाव? कोणाकडं आले?" इथं मराठवाडा संपून वाशिमकडं विदर्भ लागतो. सरहद्दीवरची तपासणी सरकारनं सोडली असेल, आप्पांनी सोडलेली नाही. तिसऱ्या प्रश्नाला पाहुण्याच्या आजोळची सोयरीक निघते, चौथ्याला चहा येतो आणि पैसे पाहुणा देतो.

आप्पांची भाची पुण्यात संशोधन करायला लागली आणि या चौकशीला शास्त्राचं पाठबळ मिळालं. "रक्तात टी-पेशी असतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर. आपलं कोण, परकं कोण, हे तो ओळखतो. म्हणजे मीच समजा!"

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! "1984 साली कॅनडात टाक मॅकनं माणसातला या रिसेप्टरचा जीन क्लोन केला. त्याच वर्षी अमेरिकेत मार्क डेव्हिसच्या मंडळींनी उंदरातला. डेव्हिसची युक्ती बघा. टी-पेशीत अन् बी-पेशीत जे जीन चालू असतात, त्यातले बहुतेक सारखेच. सारखे तेवढे वजा केले. उरलेल्या मूठभरात हा घावला!"

क्लोन म्हटल्यावर बाकड्यावरचा एकजण सावरून बसतो. "मग एखादा तलाठी क्लोन करून आणा की! आहे तो गावत नाही."

"अरे, माणूस नाही, नुसता जीन! तो जिवाणूत घालायचा. जिवाणू वाढले की जीनच्या प्रती वाढतात. मग त्या वाचत बसायचं."

"वाचून फायदा काय?"

आप्पा याच प्रश्नाला टपलेले असतात. "मुंबईच्या आयआयटीनं अन् टाटा हॉस्पिटलनं काय केलं? पेशंटच्याच टी-पेशी काढल्या, त्यांत नव्या रिसेप्टरचा जीन घातला, परत पेशंटला दिल्या. रक्ताच्या काही कॅन्सरवर चालतं. नेक्सकार19. मंजुरी 2023ची!" इथं ते एकदाही अडखळत नाहीत, भाची फोनवर पाठ करून घेते.

परवा तिनं नवीन धडा दिला: ज्या टी-पेशी आपल्याच शरीरावर उठतील, त्यांतल्या बऱ्याचशा थायमस ग्रंथीत आधीच मारून टाकल्या जातात. आप्पांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला.

"आमच्या भावकीला एक थायमस पाहिजे होती," ते म्हणाले. "हिंगोलीच्या कोर्टातल्या निम्म्या तारखा वाचल्या असत्या."