मॅक्सवेल फूड सेंटर : जागा, रांग आणि ट्रे

सिंगापुरात 'हॉकर सेंटर' म्हणून ओळखली जाणारी वास्तू म्हणजे सरकारने बांधलेले, बाजूंनी मोकळे आणि वर पंखे गरगरत असलेले एक विस्तीर्ण छप्पर होय. त्याखाली एकेका पदार्थापायी आयुष्य वेचलेल्या विक्रेत्यांचे लहान गाळे ओळीने मांडलेले असतात, तर मधली टेबले कोणा एका गाळ्याची नसून सर्वांची, म्हणजे व्यवहारात जो आधी टेकेल त्याची असतात. १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्यांची बेटभर नोंदणी झाली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांच्या गाड्या नळ, गटार व वीज असलेल्या अशा छपरांखाली हलवण्यात आल्या. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केल्यामुळे, येथे घाम पुसत नूडल्स ओढणारा प्रत्येक इसम त्या क्षणी वारसा-जतनाच्या कार्यात गुंतलेला असतो, असे मानावयास हरकत नाही.

चायनाटाउनमधील मॅक्सवेल फूड सेंटर हे यांपैकी एक प्रसिद्ध केंद्र असून तेथे शंभराहून अधिक गाळे आहेत. समोर बुद्धदंत मंदिर आहे, आणि ज्या कार्यालयात सिंगापूरच्या इंचन्इंच जमिनीचे नियोजन होते ते नगररचना प्राधिकरणही शेजारीच आहे. मात्र दुपारी साडेबाराला कचेऱ्या सुटल्या की मॅक्सवेलमधील जमिनीचे नियोजन टिश्यू पेपरच्या पाकिटांच्या हाती जाते. रिकाम्या टेबलावर असे पाकीट ठेवून जागा राखण्याच्या या प्रथेस स्थानिक बोलीत 'चोप' म्हणतात. पाकिटाच्या जागी छत्री किंवा गळ्यात घालायचे ओळखपत्रही चालते, आणि वस्तूचा मालक वीस मिनिटे दिसला नाही तरी ट्रे हातात घेऊन ताटकळणारे लोक तिला बोट लावत नाहीत.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आसन मिळवण्याची विद्या लहानपणीच आत्मसात केलेल्या मराठी पर्यटकास ही प्रथा पाहताच माहेरी आल्यासारखे वाटते, परंतु लवकरच त्याच्या लक्षात येते की रुमालाच्या शास्त्रातील निम्मा भाग, म्हणजे नंतरचे भांडण, येथे अस्तित्वातच नाही. भांडणावाचून मिळालेल्या जागेवर त्याचा विश्वास बसत नाही. परिणामी, टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवून त्या पाकिटाच्या राखणीस आजोबांना बसवण्याची एक संमिश्र पद्धती अशा कुटुंबांत रूढ झालेली दिसते. उरलेले सदस्य वेगवेगळ्या रांगांत पांगतात आणि वेगवेगळ्या वेळी परततात, त्यामुळे पहिल्याचे सूप निवते तेव्हा तिसऱ्याचा नंबर नुकताच लागलेला असतो.

कोणत्या रांगेत उभे राहावे याविषयीचा स्थानिक सिद्धांत सरळ आहे : जी सर्वांत लांब ती सर्वांत उत्तम. मॅक्सवेलमध्ये हा मान बहुधा हैनानी चिकन राइसच्या गाळ्याकडे जातो. चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या स्थलांतरितांनी रुजवलेल्या या पदार्थात अख्खी कोंबडी मंद आचेवर पाण्यात शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवली जाते, जेणेकरून तिची कातडी लुसलुशीत होऊन खाली पारदर्शक थर जमावा. मग जाड लाकडी ठोकळ्यावर रुंद सुऱ्याचे चार-सहा घाव पडतात, तुकडे काकडीच्या चकत्यांवर मांडले जातात आणि सोबत मिरचीची चटणी, आल्याचे वाटण व दाट सोया सॉस येतो. दिसण्यास हा पदार्थ इतका सात्त्विक व फिका असतो की शाकाहारी पर्यटकास एक तडजोड सुचते आणि तो म्हणतो, "कोंबडी राहू द्या, नुसता भात द्या." गाळेवाला त्याच्याकडे करुणेने पाहतो, कारण तो भात आले-लसणासह कोंबडीच्याच चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला असतो, किंबहुना जाणकारांच्या मते खरी कोंबडी भातातच असते.

अशा प्रवाशासाठी अनेक हॉकर सेंटरांत चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी गाळे असतात. या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्याचे कळताच चातुर्मास पाळणाऱ्या आजींचा चेहरा उजळतो, परंतु काचेमागे मांडलेले बदक पाहून तो पुन्हा मावळतो. ते बदक ग्लुटेनचे, म्हणजे कणीक पाण्याखाली धुतल्यावर मागे उरणाऱ्या चिवट गोळ्याचे असते, हे नातवाने तीनदा समजावले तरी, कांदा सोडून बदकाची हौस धरणारे व्रत त्यांच्या पोथीत बसत नाही आणि त्या पिशवीतला खाकरा काढतात.

जेवणानंतरच्या कॉफीस 'कोपी' म्हणतात. साखर व लोणी घालून भाजलेल्या बियांची ही पूड कापडी पिशवीतून गाळली जाते, आणि ती मागण्यासाठी ग्राहकास एक छोटे व्याकरण शिकावे लागते : नुसती 'कोपी' म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली, 'ओ' म्हणजे बिनदुधाची, 'सिऊ दाय' म्हणजे कमी गोड आणि 'कोसोंग' म्हणजे बिनसाखरेची. मधुमेही आजोबा मोठ्या संयमाने 'कोपी सिऊ दाय' मागवतात; कंडेन्स्ड मिल्कमध्येच साखर मुरलेली असल्यामुळे त्यांचा संयम व त्यांची हौस ही दोन्ही एकाच कपात साधली जातात.

शेवटचा टप्पा ट्रे परत करण्याचा. टिश्यूच्या पाकिटास कायद्याचा काडीचाही आधार नसताना सारे शहर त्याचा मान राखते, पण खाऊन झालेला ट्रे उचलण्यासाठी वर्षानुवर्षे विनवण्या करूनही लोक बधले नाहीत, तेव्हा १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरांत सक्ती लागू करावी लागली : पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी ३०० डॉलर दंड. ट्रे ठेवण्याच्या मांडण्याही हलाल व बिगर-हलाल अशा वेगळ्या असतात. घरी पाण्याचा पेलाही स्वतः न उचललेले मराठी कुटुंबप्रमुख तीनशे डॉलरांचे मनातल्या मनात रुपये करतात, तत्काळ उभे राहतात आणि चौघांचे ट्रे एकावर एक रचून योग्य त्या मांडणीकडे निघतात. हे दृश्य इतके दुर्मीळ असते की पत्नी त्याचे छायाचित्र काढून लगोलग माहेरच्या ग्रुपवर पाठवते. मात्र पुण्यातील घरगुती जेवणास दंडाची तरतूद लागू नसल्यामुळे ही सुधारणा विमानतळापलीकडे टिकल्याचे आढळत नाही.