गुरुनाथचं बारीक तोंड

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका 2016 ते 2021 अशी साडेचार वर्षं चालली. त्यातला गुरुनाथ म्हणजे अभिजित खांडकेकर. हाच गडी 2010 साली ‘माझिया प्रियाला प्रीत कळेना’चा सोज्वळ नायक होता. त्यामुळे नांदगाव पेठेतल्या बायांनी त्याला आधी जावई मानलं, मग शिव्या घातल्या.

गुरुनाथला पश्चात्ताप होत नसे असं नाही. व्हायचा, साधारण शनिवारी. कॅमेरा तीनदा तोंडाजवळ जायचा, ढणढण वाजायचं, आणि सोमवारी स्वारी पुन्हा प्रेयसी शनायाकडे. त्याची बायको राधिका नागपूरची, बोलणं आपल्याकडचं. म्हणून आमच्या मावशीनं हा घरचाच तंटा धरलेला. ‘लेकाले लाज नाही, पण तोंड कसं बारीक करते, पाह्य!’ (हेच तोंड करून काका कापसाच्या चुकाऱ्याचा हिशेब देत. त्यांना ढणढण मिळत नसे, इतकंच.)

2020 मध्ये ‘देवमाणूस’ आली. तिच्यातला डॉक्टर दिवसा गोळ्या द्यायचा, रात्री माणसं मारायचा. टोचणी वगैरे भानगडच नाही. मावशी मात्र खूश.

‘काही म्हण बा, हातगुण चांगला हाये त्याचा.’