कुंपणापलीकडचा चेलो

एडिसनमध्ये ऑक्टोबरातला रविवार म्हणजे पानं गोळा करायचा दिवस. दांताळं घेऊन कुंपणापाशी पोचले, तर पलीकडे वहिनी आधीच उभ्या. वरच्या उघड्या खिडकीतून त्यांच्या लेकीचा चेलो येत होता. बाखच्या पहिल्या स्वीटचं प्रिल्यूड. अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

"ठरलं का काही?"

"कसलं ठरतंय! हिला कॉन्झर्व्हेटरीच हवी, ह्यांना साधं कॉलेज. ह्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय, जेवताना वाचून दाखवतात."

"आणि तुम्हाला?"

"मला झोप हवी. अगं, कॉन्झर्व्हेटरीत साधारण दोन तृतीयांश अभ्यास नुसता संगीताचा. कॉलेजात बी.ए. केलं तर जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेल्यात इतिहास घे, केमिस्ट्री घे. मग रियाज कधी? पण उद्या हात दुखावला तर नुसत्या चेलोच्या पदवीचं काय करायचं, असं ह्यांचं."

"अगदीच चूक नाही ते."

"तूही त्यांचीच!"

प्रिल्यूड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"फिलाडेल्फियाचं कर्टिस का नाही बघत? १९२८ पासून तिथे ट्युशन फीच नाही."

"म्हणूनच तर! अख्ख्या शाळेत मुलं दीडशेच्या आसपास. चेलोच्या जागा सुटणार किती, आणि पोरं येणार जगभरातून. फुकट आहे म्हणून मिळतंय थोडंच?" कर्टिसचं नाव निघालं की वहिनींचा आवाज चढतो. चेलो थांबला. "अडखळतेय वाटतं आज."

"मग ओहायोतलं ओबर्लिन? पाच वर्षांत दोन्ही पदव्या."

"प्रवेश दोन्हीकडे वेगळा मिळवायचा, तिकडे ऑडिशन, इकडे निबंध. बार्डला तर कॉन्झर्व्हेटरीत गेलं की दुसरी पदवी सक्तीची. पाचव्या वर्षाची फी तक्त्यात लाल रंगात आहे."

"यो-यो मा जुलियार्डला शिकला आणि मग हार्वर्डमधून १९७६ साली पदवीधर झालाच की."

"तो सात वर्षांचा असताना केनेडींपुढे वाजवत होता गं. आमची सातव्या वर्षी गज लपवून ठेवायची, क्लासला जायला नको म्हणून."

मला विचाराल तर ह्या सगळ्या वादात पाटीला फार महत्त्व दिलं जातं. शिकवणार कोण आणि शेजारी बसून वाजवणार कोण, एवढं आधी बघावं. छोट्या कॉलेजात कधीकधी चेलोचे मास्तर आठवड्यातून एकदाच गाडी हाकत येतात. आपल्याकडे तरी घराण्याचं नाव बघून कोण गेलं? माणसाकडे गेले. मी तसं म्हटलंही.

वहिनी कुंपणावर रेलल्या. "गेल्या महिन्यात एका बाईंकडे नमुन्याचा धडा घेतला. तासातली चाळीस मिनिटं त्यांनी हिचा गजावरचा उजवा अंगठा सैल करण्यात घालवली. एक ओळसुद्धा पुरी वाजवू दिली नाही. मला वाटलं, ही आता रडणार. तर गाडीत म्हणते, 'आई, ह्या कुठेही शिकवत असल्या तरी मी जाईन.'"

"कुठे शिकवतात?"

"तिथेच तर गोची आहे. कॉलेजात!"

"म्हणजे दादा जिंकले?"

"हळू बोल. त्यांना अजून सांगितलं नाहीये." वरचं प्रिल्यूड तिसऱ्यांदा थांबलं. "काय झालंय हिला आज?"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "आई, मी प्रीस्क्रीनिंगचं रेकॉर्डिंग करतेय. एका दमात लागतं, मधे कापून चालत नाही. तिन्ही टेकमध्ये तुम्ही दोघी आहात. आणि कर्टिस सगळ्यात स्पष्ट ऐकू येतंय."